पुढचे पद कोणते?



दरवर्षी अकरावीचा वर्ग सुरू झाला की पहिल्या तासाला मी काहीही न बोलता फळ्यावर चार संख्या लिहितो :

१४५६, १५३१, १६०७, १६८२, ...

आणि मग विचारतो, "पुढचे पद कोणते?"

तुम्हीही क्षणभर अंक बाजूला ठेवा आणि विचार करा. वर्गातली मुले लगेच वजाबाकी करू लागतात. १५३१ उणे १४५६ म्हणजे ७५. त्यापुढचा फरक ७६. त्यापुढचा पुन्हा ७५. कोणी म्हणते, "एकदा ७५, एकदा ७६ असे चालले आहे, तेव्हा पुढचे पद १७५८." कोणी सरासरी काढते आणि १७५७ सांगते. दोघेही आपापल्या उत्तरावर ठाम असतात. अशा वेळी मागच्या बाकावरून एखादी मुलगी हळूच विचारते, "सर, पण या संख्या आहेत कशाच्या?"

मला हाच प्रश्न हवा असतो. या संख्या कशाच्या आहेत ते मी वर्गात लगेच सांगत नाही, आणि येथेही थोडे थांबूनच सांगणार आहे. कारण त्यापूर्वी एक साधे हत्यार आपल्या हाती असायला हवे. ते हत्यार म्हणजे श्रेढीचे सामान्य पद. दहावीच्या परीक्षेत त्यावर गुण मिळतात हे तर खरेच, पण त्याचा उपयोग तेवढाच नाही. जे आपण पाहिलेले नाही त्याविषयी काही सांगण्याचे धाडस या हत्याराने करता येते. आणि धाडस म्हटले की ते फसण्याचीही शक्यता आली!

कुंपणाचे खांब

शाळेच्या पटांगणाला एका बाजूने कुंपण घालायचे आहे असे समजा. फाटकापासून ५ मीटरवर पहिला खांब रोवला. त्यानंतर दर ३ मीटरवर एक खांब. म्हणजे खांबांची फाटकापासूनची अंतरे अशी :

५, ८, ११, १४, १७, ...

प्रत्येक पद मागच्या पदापेक्षा ३ ने मोठे आहे. ज्या क्रमात ही वाढ सतत तेवढीच राहते त्याला अंकगणिती श्रेढी म्हणतात आणि त्या ठरावीक वाढीला सामान्य फरक. वाढीऐवजी घट असली तरी चालते. तेव्हा फरक ऋण असतो, एवढेच.

आता सांगा, विसावा खांब फाटकापासून किती अंतरावर असेल? एकेक खांब मोजत गेलात तर उत्तर मिळेलच, पण दोनशेव्या खांबासाठी तुम्ही तसे करणार नाही. पुष्कळ विद्यार्थी घाईने म्हणतात, "विसावा खांब, म्हणून २० गुणिले ३, अधिक ५, बरोबर ६५ मीटर." हे उत्तर चूक आहे. का चूक आहे हे सूत्रावरून शोधू नका, कुंपणाजवळ जाऊन उभे राहा. पहिल्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला एक अंतर ओलांडावे लागते. तिसऱ्यापर्यंत जायला दोन. म्हणजेच विसाव्या खांबापर्यंत जायला एकोणीस अंतरे. खांब वीस, पण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा एकोणीस! तेव्हा उत्तर ५ + १९ × ३ = ६२ मीटर. ६५ मीटरवर असतो तो एकविसावा खांब.

एवढे ध्यानात आले की सामान्य पद पाठ करावे लागत नाही. पहिल्या पदाला अ म्हणू, फरकाला फ म्हणू आणि पदाच्या क्रमांकाला न म्हणू. शाळेच्या पुस्तकात अक्षरे वेगळी असतील, अर्थ तोच आहे.

न वे पद = अ + (न − १) × फ

आपल्या कुंपणासाठी हे ५ + (न − १) × ३, म्हणजेच ३न + २ असे होते. लगेच पडताळा घ्यावा : न = १ घेतला तर ५ येतात, न = २ घेतला तर ८ येतात. हा पडताळा घ्यायला दहा सेकंद पुरतात, आणि 'न' लिहायचा की 'न − १' हा गोंधळ तेथेच उघडा पडतो.

हे सूत्र उलटही चालते. फाटकापासून ९२ मीटरवर कितवा खांब आहे? ३न + २ = ९२, म्हणून न = ३०. तो तिसावा खांब. बरोबर १०० मीटरवर खांब असेल का? ३न + २ = १०० मांडले तर न ला ९८ ला ३ ने भागून येणारी किंमत मिळते, आणि ती पूर्ण संख्या नाही. साडेबत्तिसावा खांब जसा नसतो तसाच हाही नाही. म्हणजे १०० मीटरवर खांब नाही, हे तेथे न जाताच सांगता आले.

सगळी पदे हाताशी नसली तरीही अडत नाही. समजा, एका श्रेढीचे चौथे पद १९ आणि नववे पद ४४ एवढेच आपल्याला माहीत आहे. चौथ्यापासून नवव्यापर्यंत पाच अंतरे आहेत आणि त्या पाच अंतरांत संख्या २५ ने वाढली. म्हणून फरक ५. चौथ्या पदावरून तीन अंतरे मागे आलो की पहिले पद १९ − १५ = ४. सामान्य पद ५न − १. दोन पदे हाती आली की सगळी श्रेढी हाती आली!

भास्कराचार्यांचे शब्द

हे सर्व आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त श्रेढीचा स्वतंत्र भाग आहे. पहिल्या पदाला ते 'आदि' किंवा 'मुख' म्हणतात, ठरावीक वाढीला 'चय', पदांच्या संख्येला 'गच्छ' आणि शेवटच्या पदाला 'अंत्यधन'. त्यांनी दिलेला नियम आपल्या भाषेत असा होतो : पदांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला चयाने गुणा, त्यात आदि मिळवा, म्हणजे अंत्यधन येते. हेच आपले कुंपणाचे सूत्र! तेथेही 'एक वजा करा' हे पहिल्याच पावलाला सांगितले आहे हे लक्षात घ्या.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तेथे मठ स्थापन केला, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे 'आदि' आणि 'चय' हे शब्द आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशातले विद्यार्थी घोकत असले पाहिजेत. 'चय' हा शब्द मला फार आवडतो. चय म्हणजे साठत जाणे, रचत जाणे. विटेवर वीट ठेवावी तशी प्रत्येक पदावर तेवढीच भर पडते. पुढे या लेखातही मी फरकाला अधूनमधून चय म्हणणार आहे.

सहा पदे खरी, सातवे खोटे

आता हत्यार हाती आले. ते कोठे फसते ते पाहू. पुढील संख्या बघा :

७, ३७, ६७, ९७, १२७, १५७

आदि ७, चय ३०. आता प्रत्येक संख्येला भाग जातो का ते तपासा. एकीलाही जात नाही. सहाच्या सहा मूळ संख्या आहेत! सलग सहा वेळा एखादी गोष्ट खरी ठरली की आपले मन लगेच नियम करून मोकळे होते : "७ पासून सुरुवात करून ३० मिळवत गेलो की मूळ संख्याच मिळतात." मग सातवे पद काढा. ७ + ६ × ३० = १८७. आणि १८७ म्हणजे ११ × १७. नियम कोसळला!

येथे सामान्य पदाने काय केले ते नीट पाहा. सातवे पद १८७ हे सूत्राने अगदी बिनचूक सांगितले. श्रेढी कोठेही चुकली नाही. चुकलो ते आपण, कारण सहा उदाहरणांवरून आपण एक वेगळेच विधान श्रेढीच्या गळ्यात बांधले होते. गंमत अशी, की हे विधान टिकणार नाही हे सूत्रानेच आधी सांगितले असते. न वे पद ७ + (न − १) × ३० आहे. आठव्या पदासाठी न − १ म्हणजे ७. तेव्हा आठवे पद ७ + ७ × ३०, म्हणजे ७ × ३१. त्याला ७ ने भाग जाणारच! सातवे पद वाचले असते तरी आठवे वाचणे शक्य नव्हते. ही युक्ती कोणत्याही श्रेढीला लावून पाहा. पूर्ण संख्यांची, वाढत जाणारी आणि १ पेक्षा मोठ्या संख्येने सुरू होणारी एकही अंकगणिती श्रेढी अशी नाही की जिची सगळी पदे मूळ संख्या आहेत. मात्र हवी तेवढी लांब, पण कोठेतरी संपणारी, निव्वळ मूळ संख्यांची श्रेढी असतेच असते, हे बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ या गणितज्ञांनी २००४ साली सिद्ध केले.

तात्पर्य, पाहिलेल्या पदांवरून न पाहिलेल्या पदाकडे उडी मारताना पायाखाली काय आहे ते बघायला हवे. नुसता 'आतापर्यंत असे झाले' हा आधार पुरत नाही. 'असे का होते' हे सांगता आले पाहिजे.

थाळीवर वाजणारी श्रेढी

हे 'का' सांगता येते अशी एक श्रेढी मी तुम्हाला ऐकवतो. होय, ऐकवतो! दोन मीटर बारीक दोरा, पाच लोखंडी नट आणि एक स्टीलची थाळी घ्या. दोऱ्याच्या टोकाला पहिला नट बांधा. त्यापासून १० सेंटिमीटरवर दुसरा. दुसऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर तिसरा, तिसऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर चौथा आणि चौथ्यापासून ७० सेंटिमीटरवर पाचवा. थाळी जमिनीवर उपडी ठेवा. बाकावर उभे राहून दोरा असा धरा, की सर्वांत खालचा नट थाळीला नुसता टेकेल. (बाक मित्राला धरायला सांगा.) आता दोरा सोडून द्या आणि कान देऊन ऐका. टण्, टण्, टण्, टण् असे चार आवाज येतील आणि त्यांच्यामधला वेळ सारखा असेल.

दुसऱ्या दोऱ्यावर पाच नट सारख्या अंतरावर, दर ४० सेंटिमीटरवर बांधा आणि तोच प्रयोग करा. या वेळी आवाज एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे जवळजवळ येत जातील.

अंतरे वाढती ठेवली तेव्हा वेळ सारखा आला. ती अंतरे १०, ३०, ५०, ७० होती, म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. विषम संख्यांची ही अंकगणिती श्रेढी आहे. तिचे सामान्य पद २न − १. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून हा नियम पारखला आणि १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तो मांडला : पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते.

सेकंदांच्या हिशेबाने मांडले तर उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५ मीटर आणि चौथ्यात ३४.३ मीटर पडतो. वजाबाकी करा. चय प्रत्येक वेळी ९.८! ही संख्या तुम्ही ओळखलीच असेल. गुरुत्वीय त्वरणाची ही किंमत. पृथ्वी दगडाला प्रत्येक क्षणी सारख्याच बळाने ओढते, म्हणून त्याच्या वेगात प्रत्येक सेकंदाला सारखीच भर पडते, आणि म्हणून अंतरांचा चय बदलत नाही. येथे चय ही नुसती वजाबाकी राहिली नाही, तिच्यामागे पृथ्वी उभी आहे. म्हणूनच दहाव्या सेकंदात दगड ४.९ + ९ × ९.८ = ९३.१ मीटर पडेल असे आपण छातीठोकपणे सांगतो.

पण कारण कळले की त्याची मर्यादाही कळते. एक किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब या श्रेढीप्रमाणे पडत राहिला असता तर जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर झाला असता. मग पावसात छत्रीचा काय उपयोग होता! प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला सुमारे ९ मीटर एवढ्याच वेगाने येतो. थेंबाचा वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो. लवकरच तो विरोध थेंबाच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढणे थांबते. त्यानंतरच्या प्रत्येक सेकंदात थेंब सारखेच अंतर पडतो, म्हणजे चय शून्यावर येतो. कारण बदलले, तशी श्रेढीही बदलली.

फळ्यावरच्या चार संख्या

आता वळू या फळ्यावरच्या संख्यांकडे. १४५६, १५३१, १६०७, १६८२. या चारही वर्षी आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला होता. त्या काळी धूमकेतू म्हणजे अचानक येणारे संकट अशी लोकांची समजूत होती. ज्याचे येणेच अचानक, त्याला कसली श्रेढी आणि कसले सामान्य पद?

१६८२ चा धूमकेतू इंग्लंडमध्ये एडमंड हॅले या पंचविशीतल्या खगोलशास्त्रज्ञाने स्वतः पाहिला. पुढे न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. तो छापून यावा म्हणून हॅलेनेच खटपट केली होती आणि खर्चही केला होता. न्यूटनच्या नियमांचा उपयोग करून त्याने जुन्या नोंदींवरून चोवीस धूमकेतूंच्या कक्षा काढल्या. हे कोष्टक त्याने १७०५ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याला असे दिसले, की १५३१, १६०७ आणि १६८२ या तिन्ही धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या आहेत. कक्षेचा कल तोच, सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचे अंतर तेच, आणि तिघेही ग्रहांच्या उलट दिशेने जाणारे. हे तीन धूमकेतू नव्हेत, एकच धूमकेतू तीनदा आला, असे त्याने ओळखले. तो १७५८ साली पुन्हा येईल, असे त्याने जाहीर केले.

वर्गातला '१७५८' म्हणणारा मुलगा या ठिकाणी खूश होतो. पण त्याच्या उत्तरात आणि हॅलेच्या उत्तरात फार मोठे अंतर आहे. त्या मुलाजवळ फक्त वर्षे होती. हॅलेजवळ कक्षा होती.

आणि चय सारखा नव्हता, हे हॅलेच्या नजरेतून सुटले नव्हते. महिने धरून पाहा. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला तो ऑगस्ट १५३१, ऑक्टोबर १६०७ आणि सप्टेंबर १६८२ मध्ये. पहिली फेरी ७६ वर्षे २ महिन्यांची, दुसरी ७५ वर्षांनाही सुमारे महिनाभर कमी. दोन फेऱ्यांत सुमारे सव्वा वर्षाचा फरक! एकच धूमकेतू असेल तर त्याने असे का करावे? हॅलेने उत्तर दिले, की वाटेत गुरूसारख्या प्रचंड ग्रहाजवळून जाताना त्याच्या ओढीने धूमकेतूची चाल बदलते.

हॅले १७४२ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी वारला. आपण सांगितलेले पद आपल्याला दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतेच. १७५८ साल जवळ येऊ लागले तसे सगळ्यांचे डोळे आकाशाकडे लागले. धूमकेतू आला नाही तर गुरुत्वाकर्षणाचा नियम एवढ्या दूरवर लागू पडतो की नाही याचीच शंका घेतली गेली असती. फ्रान्समध्ये अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत ही विदुषी, या तिघांनी हिशेब मांडायला घेतला. गुरू आणि शनी यांची ओढ धूमकेतूवर टप्प्याटप्प्याला किती पडते, हे त्यांनी महिनोन्‌महिने बसून हाताने काढले. तेव्हा गणकयंत्रे नव्हती! नोव्हेंबर १७५८ मध्ये क्लेरोने निकाल सांगितला : गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस, असा मागच्या फेरीपेक्षा एकूण ६१८ दिवस उशीर होईल. १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ असेल.

२५ डिसेंबर १७५८ च्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याला दुर्बिणीतून तो दिसला. पालिच शेती सांभाळून आकाशाचा अभ्यास करीत असे. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १३ मार्च १७५९ रोजी. क्लेरोचा हिशेब सुमारे एका महिन्याने चुकला. आता आपल्या सरासरीच्या सूत्राने काय सांगितले असते ते काढा. दोन फेऱ्यांची सरासरी सुमारे साडेपंचाहत्तर वर्षे. सप्टेंबर १६८२ मध्ये ती मिळवली तर मार्च १७५८ येतो. ही चूक एका वर्षाची! कारण हाती असलेल्याची चूक महिन्याची, आणि नुसती सरासरी हाती असलेल्याची वर्षाची.

त्यानंतर हॅलेचा धूमकेतू १८३५, १९१० आणि १९८६ साली आला. १४५६ ते १९८६ या ५३० वर्षांत सात फेऱ्या झाल्या, म्हणजे सरासरी फेरी सुमारे ७५.७ वर्षांची. तेव्हा एक कच्चे सामान्य पद असे लिहिता येईल :

न वे पद = १४५६ + (न − १) × ७५.७

न = ५ घ्या, १७५८.८ येते. न = ७ घ्या, १९१०.२ येते. आठही पदे एका वर्षाच्या आतबाहेर जुळतात. तुम्ही म्हणाल, सूत्र सापडले! पण आता मागे चला. १४५६ च्या पाच फेऱ्या मागे गेलो की सूत्र १०७७ साल सांगते. प्रत्यक्षात त्या फेरीला धूमकेतू आला होता १०६६ साली. त्या वर्षी इंग्लंडवर नॉर्मन लोकांनी स्वारी केली, आणि त्या स्वारीची चित्रे ज्या प्रसिद्ध भरतकामात आहेत त्यात हा धूमकेतूही भरलेला आहे. सूत्र अकरा वर्षांनी चुकले! मधल्या फेऱ्या ७७ ते ७९ वर्षांच्याही झाल्या होत्या. आपले सूत्र आठ पदांचा सारांश होते, धूमकेतूवर बंधनकारक नव्हते.

१९८६ साली 'जोत्तो' हे युरोपचे यान या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून गेले आणि त्याची छायाचित्रे घेतली. सरासरीवर विसंबून ते यान सोडले असते तर त्याला मोकळे आकाशच भेटले असते. गुरूची, शनीची आणि इतर ग्रहांची ओढ पै-पैच्या हिशेबाने धरली, म्हणून भेट झाली.

तुमच्यासाठी

तेव्हा यापुढे कोणताही क्रम समोर आला की तीन गोष्टी करा. आधी वजाबाकी करून चय पाहा. मग सामान्य पद लिहा आणि न = १ घेऊन पडताळा घ्या. आणि तिसरी गोष्ट, जी प्रश्नपत्रिकेत कोणी विचारत नाही : हा चय सारखा का राहावा, असे स्वतःला विचारा. कारण सापडले तर सूत्रावर विश्वास ठेवा. सापडले नाही तर सूत्र वापरा, पण एक डोळा उघडा ठेवून.

सरावासाठी तीन प्रश्न देतो.

१) एका श्रेढीचे तिसरे पद ४० आणि दहावे पद १९ आहे. सामान्य पद काढा. कितव्या पदापासून पदे ऋण होतील?

२) २००४, २००८, २०१२, ... ही लीप वर्षांची श्रेढी आहे. तिचे सामान्य पद लिहा आणि त्यावरून २१०० हे कितवे पद येते ते काढा. २१०० हे लीप वर्ष नसणार! पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीला ३६५.२४२२ दिवस लागतात. यावरून श्रेढी तेथे का मोडावी लागते ते शोधा.

३) दोऱ्यावर आणखी एक, सहावा नट बांधायचा असेल तर तो पाचव्यापासून किती अंतरावर बांधाल? दोरा किती लांब लागेल?

जाता जाता एक सांगतो. १९८६ साली मी फार लहान होतो. वडिलांनी पहाटे उठवून मला गच्चीवर नेल्याचे आणि "तो बघ" म्हणून बोट दाखवल्याचे आठवते. मला मात्र झोपेमुळे काहीच दिसले नव्हते. तो धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासून सर्वांत दूर, नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे पोहोचला आणि आता परतीच्या वाटेला लागला आहे. आपल्या श्रेढीचे नववे पद २०६१. सगळ्या ग्रहांची ओढ हिशेबात धरून शास्त्रज्ञांनी जुलै २०६१ चा अखेर सांगितला आहे. तेव्हा मी ऐंशीच्या घरात असेन, असलो तर. तुमच्यातले बहुतेक जण त्या वेळी पन्नाशीच्या आसपास असतील. कोणा लहान मुलाला पहाटे उठवून गच्चीवर न्या आणि "तो बघ" म्हणा. त्याने "तो आजच येणार हे तुम्हाला कसे कळले?" असे विचारले, तर त्याला नुसते सूत्र सांगू नका. कारणही सांगा.